मलेरिया आणि एक क्षणजीवी वायू

नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग

श्रोतेहो, थंडी वाजून येणारा ताप आपल्याला परका नाही. दोन-दोन गोधड्या अंगावर घेऊनही हुडहुडी थांबत नाही. मग अंग भट्टीसारखे तापते आणि शेवटी दरदरून घाम येऊन उतार पडतो. आपल्या आजी-आजोबांनी याला हिवताप हे नेमके नाव दिले. आज आपण सर्रास मलेरिया म्हणतो.

बहुतेक रुग्णांना वेळेवर औषध मिळाले की मलेरिया बरा होतो. मात्र काही रुग्णांमध्ये तो अचानक उग्र रूप घेतो. काल अंगणात खेळणारे मूल आज हाकेला ओ देत नाही. झटके येतात, धाप लागते, रक्तातली साखर घसरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात जगात मलेरियाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांतले बहुसंख्य मृत्यू आफ्रिकेतले, आणि तेही पाच वर्षांखालच्या मुलांचे. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीच्या जंगलपट्ट्याने या आजाराचे ओझे वर्षानुवर्षे वाहिले आहे.

मी वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवतो. माझे काही विद्यार्थी पुढे अशा दुर्गम भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेले. बेशुद्ध मूल समोर आले की त्यांच्या मनात जो प्रश्न येतो, तोच गेली तीस-पस्तीस वर्षे संशोधकांनाही पडलेला आहे. मलेरियाचे औषध तर दिले. पण मेंदूची ही बेशुद्धी कशामुळे आली, आणि औषधाच्या जोडीला आणखी काही देऊन हे मूल वाचवता येईल का? या प्रश्नामागे धावताना शास्त्रज्ञांना एक चिमुकला रेणू भेटला. आज मी त्याची हकिगत सांगणार आहे.

आधी मलेरियाचा जंतू रक्तात काय करतो ते पाहू. उग्र मलेरिया प्रामुख्याने प्लास्मोडियम फाल्सिपेरम या जातीमुळे होतो. हा परजीवी तांबड्या पेशीत शिरतो, तिथले हिमोग्लोबिन खातो, वाढतो आणि सुमारे ४८ तासांनी पेशी फोडून नव्या पिलावळीसह बाहेर पडतो. त्यातले पहिले काही तास तो कोवळा असतो आणि त्याची पेशी रक्ताबरोबर शरीरभर फिरते. तो थोडा मोठा झाला, की त्या पेशीच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिने उगवतात आणि ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चिकटून बसते. मेंदूतल्या केशवाहिन्यांत अशा पेशींची दाटी झाली, की रक्ताचा प्रवाह मंदावतो. यालाच डॉक्टर मेंदूचा मलेरिया म्हणतात.

वरवर पाहता उलगडा सोपा वाटतो. नळात कचरा अडकला, पाणी थांबले. पण इथे एक कोडे आहे. रक्तपुरवठा तुटून अर्धांगवायू झालेला माणूस दोन दिवसांत खडखडीत बरा होत नाही. मेंदूच्या मलेरियातले मूल मात्र दोन-दोन दिवस बेशुद्ध राहूनही पुष्कळदा डोळे उघडते, आईला ओळखते, खायला मागते. काही मुलांमध्ये फिट्स किंवा शिकण्यातल्या अडचणी मागे राहतात हे खरे. परंतु पूर्ण बरी होणारी मुले पुष्कळ असतात. तेव्हा नुसता प्रवाह तुंबण्यापलीकडे आणखी काही घडत असले पाहिजे, असे संशोधकांना वाटू लागले.

आता त्या रेणूकडे वळू. त्याचे नाव नायट्रिक ऑक्साइड. नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू, एवढाच त्याचा संसार. दातांच्या दवाखान्यात वापरतात तो हसवणारा वायू निराळा, तो नायट्रस ऑक्साइड. आपला नायट्रिक ऑक्साइड मोटारींच्या धुरात असतो, म्हणून कित्येक वर्षे त्याची ओळख प्रदूषण करणारा वायू एवढीच होती. पण हाच वायू आपल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर क्षणोक्षणी तयार करत असते, असे १९८०च्या दशकात सिद्ध झाले आणि सगळे चकित झाले. तो रक्तवाहिनीच्या स्नायूंना सैल करतो, वाहिनी रुंदावते, रक्त मोकळे वाहते. छातीत कळ आली की हृदयरोगी जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवतो, तिचा गुण येतो तोही याच वायूमुळे. १९९२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकाने त्याला त्या वर्षीचा रेणू म्हणून गौरवले आणि १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

हा रेणू भलताच चंचल. शरीरात जेमतेम काही सेकंद टिकतो. समोर येईल त्याच्याशी संयोग पावतो. थोड्या प्रमाणात तो निरोप्याचे काम करतो. जास्त प्रमाणात पांढऱ्या पेशी त्याचा शस्त्रासारखा वापर करून जंतू मारतात. आणि तोच बेसुमार झाला तर आपल्याच पेशींना इजा करतो. वर्गात इथपर्यंत आलो की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, मग हा चांगला की वाईट?” मलेरियाच्या संशोधनात नेमका हाच प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे उत्तर दोनदा फिरले.

पहिले उत्तर ‘वाईट’ असे होते. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा येथील शास्त्रज्ञ इयान क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या सुमारास एक तर्क मांडला. मलेरियात शरीराची संरक्षक यंत्रणा खवळते आणि दाह वाढवणारी रसायने सोडते. त्यांच्या प्रभावाने मेंदूतल्या रक्तवाहिन्या नायट्रिक ऑक्साइड भरमसाट तयार करतात. हा वायू भिंती ओलांडून चेतापेशींपर्यंत जातो, त्यांच्या आपसांतल्या निरोपांची सरमिसळ करतो आणि माणूस बेशुद्ध पडतो. भूल दिलेल्या रुग्णासारखीच ही अवस्था. वायू ओसरला की शुद्ध परत येते. मघाचे कोडे या तर्काने किती छान सुटते पाहा! कारण कळले, आणि मूल ठणठणीत बरे का होते तेही कळले. हा तर्क खरा असेल तर उपायही उघड होता. नायट्रिक ऑक्साइड कमी करणारे औषध शोधायचे.

पण तर्क कितीही देखणा असला तरी तो रुग्णाच्या रक्तात पडताळून पाहावा लागतो. काही सेकंदांत नाहीसा होणारा वायू मोजायचा तरी कसा? तो विरून गेला की त्याचे नायट्रेट आणि नायट्राइट हे अवशेष रक्तात आणि लघवीत उरतात. ते मोजता येतात. मात्र तिथेही एक मेख आहे. पालक, मुळा, बीट यांसारख्या भाज्यांत नायट्रेट भरपूर असते. आदल्या दिवशी पालकाची भाजी खाल्ली तरी आकडा वाढतो. शिवाय मूत्रपिंडे नीट काम करत नसतील तर नायट्रेट रक्तात साठून राहते. म्हणजे आजार वाढला म्हणून नायट्रेट वाढले, की मूत्रपिंड थकले म्हणून, हे सांगणे अवघड होते.

टांझानियातल्या दार-ए-सलाम येथे निकोलस ॲन्स्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आहाराचा आणि मूत्रपिंडांचा परिणाम लक्षात घेऊन १९१ मुलांची तपासणी केली. १९९६ साली तिचे निष्कर्ष छापून आले आणि चित्र उलटेच निघाले. सर्वांत गंभीर मुलांमध्ये नायट्रिक ऑक्साइडचे अवशेष सर्वांत कमी होते. ज्या मुलांच्या रक्तात परजीवी होते पण त्रास काहीच नव्हता, त्यांच्यात ते भरपूर होते. ज्याला आरोपी ठरवले होते तो रेणू रक्षणकर्ता असावा, अशी शंका आता येऊ लागली.

मग तो कमी का पडतो, याचा शोध सुरू झाला. परजीवी तांबड्या पेशी फोडतो तेव्हा आतले हिमोग्लोबिन रक्तद्रवात सांडते. पेशीत बंदिस्त असलेले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहते. पण मोकळे सुटलेले हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड टिपकागदासारखे शोषून घेते. दुसरे कारण कच्च्या मालाचे. हा वायू आर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लापासून बनतो. आपल्या शेंगदाण्यांत, डाळींत ते असते. मेंदूच्या मलेरियाने आजारी असलेल्या टांझानियातल्या मुलांच्या रक्तात आर्जिनिन बरेच घटलेले आहे, असे २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. नायट्रिक ऑक्साइड कमी पडला की वाहिन्यांचे अस्तर अधिक चिकट होते, म्हणजे परजीवी असलेल्या पेशींना चिकटायला जागा मिळते. २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले, की मेंदूचा मलेरिया होणाऱ्या उंदरांना बाहेरून नायट्रिक ऑक्साइड पुरवला तर ते वाचतात.

आता सगळे दुवे जुळले होते. इंडोनेशियातल्या पापुआ प्रांतात तिमिका येथे मलेरियाच्या प्रौढ रुग्णांना शिरेतून आर्जिनिन दिले. त्यांच्या रक्तवाहिन्यांचे मंदावलेले काम सुधारल्याचे २००७ साली जाहीर झाले. हे रुग्ण मध्यम स्वरूपाच्या आजाराचे होते. मोठ्या अपेक्षेने पुढचे पाऊल उचलले गेले, ते अत्यवस्थ रुग्णांसाठी. आणि तिथे गाडी अडली. उग्र मलेरियाच्या मोजक्या रुग्णांना आर्जिनिन दिल्यावर त्रास झाला नाही, पण फायदाही दिसला नाही. तो निष्कर्ष २०१३ साली आला. युगांडात दोन ठिकाणी मुलांना थेट नायट्रिक ऑक्साइड वायूच श्वासावाटे देऊन पाहिला. जिंजा येथे १८० मुले होती, म्बरारा येथे ९२. काहींना हा वायू आणि काहींना साधी हवा किंवा नेहमीचे उपचार, अशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली होती. मलेरियाचे औषध अर्थातच सर्वांना मिळाले. २०१५ साली दोन्ही निष्कर्ष आले. वायू दिलेल्या मुलांना त्याचा ठळक फायदा झालेला दिसला नाही.

असे का व्हावे? काही कारणे समजण्यासारखी आहेत. श्वासावाटे आत गेलेला वायू फुप्फुसातच हिमोग्लोबिनशी बांधला जातो. मेंदूपर्यंत किती पोचेल याची खात्री नाही. मूल रुग्णालयात येते तोवर नुकसान बरेच पुढे गेलेले असते. त्याच २०१५ साली मलावीतून आणखी एक महत्त्वाचे संशोधन आले. तिथे मेंदूच्या मलेरियाने आजारी असलेल्या १६८ मुलांच्या मेंदूचे एमआरआय चित्रण केले. त्यांतली २५ मुले दगावली आणि त्या पंचविसांपैकी २१ जणांचा मेंदू दाखल होतानाच फार सुजलेला होता. कवटीचे हाड ताणत नाही. सुजलेला मेंदू खाली दाबला जातो, आणि श्वास चालवणारे केंद्र तिथेच असते. मृत्यू या वाटेने येत असेल, तर वाहिनी थोडी रुंद करून तो कसा थांबणार?

कुणी म्हणेल, इतकी वर्षे, इतका पैसा पाण्यात गेला. मला तसे वाटत नाही. उग्र मलेरियाचा इतिहास पटणाऱ्या पण चुकीच्या उपायांनी भरलेला आहे. मेंदूची सूज कमी व्हावी म्हणून स्टेरॉइड देण्याची पद्धत होती. थायलंडमध्ये शंभर रुग्णांवर तिची रीतसर परीक्षा घेतली, तेव्हा १९८२ साली कळले की जीव वाचत नाहीतच, उलट बेशुद्धी लांबते. झटके थांबावेत म्हणून फेनोबार्बिटोनचे इंजेक्शन द्यावे, हेही पटण्यासारखे. केनियात ३४० मुलांवर त्याची चाचणी झाली आणि २००० साली तिचा निष्कर्ष आला. झटके निम्म्याहून कमी झाले, पण ज्यांना इंजेक्शन दिले त्यांच्यात ३० मुले दगावली आणि ज्यांना दिले नाही त्यांच्यात १४. अत्यवस्थ, तापलेल्या मुलाला भराभर सलाईन चढवावे, यावर तर कुणाचा आक्षेप नव्हता. २०११ साली केनिया, युगांडा आणि टांझानिया येथल्या तीन हजारांहून अधिक मुलांच्या चाचणीत दिसले, की भराभर सलाईन चढवलेल्या दर शंभर मुलांपैकी दहाहून अधिक मुले पहिल्या ४८ तासांत दगावली आणि तसे न चढवलेल्यांपैकी सुमारे सात. या मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांना मलेरिया होता.

श्रोतेहो, हे आकडे मी मुद्दाम सांगतो आहे. यातले प्रत्येक औषध देणारा डॉक्टर सदिच्छेनेच देत होता. तर्कही बरोबर वाटत होता. तपासून पाहिले नसते तर ते वर्षानुवर्षे चालूच राहिले असते आणि किती मुले त्यामुळे गेली हे कुणाला कळलेही नसते. नायट्रिक ऑक्साइड उपयोगी नाही, असे सांगणारा शोधनिबंध वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत नाही. पण बेशुद्ध मुलाजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला त्याचा मोठा आधार असतो. काय करू नये हे कळले, की जे करायचे त्याला वेळ मिळतो.

मग काय करायचे? याचे उत्तर मात्र पक्के मिळालेले आहे. उग्र मलेरियात पूर्वी शिरेतून क्विनाइन देत. चीनमध्ये तू यूयू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात एका पारंपरिक औषधी वनस्पतीतून आर्टेमिसिनिन काढले. त्या कामासाठी २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. त्याच औषधाचे एक रूप म्हणजे आर्टेसुनेट. भारत, बांगलादेश, म्यानमार आणि इंडोनेशिया येथल्या १४६१ रुग्णांवर दोन्ही औषधांची तुलना झाली. आपल्या ओडिशातल्या राऊरकेला येथले रुग्णही त्यात होते. २००५ सालचा निष्कर्ष असा, की क्विनाइन घेणाऱ्यांत शंभरातले २२ दगावले, तर आर्टेसुनेट घेणाऱ्यांत १५. पुढे आफ्रिकेतल्या ५४२५ मुलांवर तीच तुलना झाली. २०१० साली तिथेही आर्टेसुनेटच सरस ठरले. मृत्यूचे प्रमाण १०.९ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आले. आज जगभर उग्र मलेरियासाठी पहिली निवड तीच आहे.

गंमत पाहा. आर्टेसुनेट काम करते तेही एका क्षणजीवी, आक्रमक रसायनामुळेच. परजीवी हिमोग्लोबिन खातो तेव्हा त्यातले लोहयुक्त हीम मोकळे होते. त्या लोहाशी गाठ पडली की औषधाच्या रेणूतला एक नाजूक पूल तुटतो आणि त्यातून निघालेले आक्रमक अंश परजीवीची प्रथिने उद्ध्वस्त करतात. स्फोट परजीवीच्या पोटात होतो, म्हणून आपल्या पेशी बऱ्याच अंशी सुरक्षित राहतात. क्विनाइनचा कोवळ्या परजीवींवर फारसा प्रभाव पडत नाही. आर्टेसुनेट त्यांना वाहिन्यांच्या भिंतीला चिकटण्याआधीच गाठते. चिकटलेल्या पेशींमुळे झालेली हानी मागाहून निस्तरण्यापेक्षा त्यांना चिकटूच न देणे जास्त जीव वाचवते.

तुम्हा-आम्हाला यातून घेण्यासारखी गोष्ट तीच आहे. फाल्सिपेरममध्ये तासांना किंमत असते. मलेरिया असलेल्या भागात राहत असाल किंवा तिकडून नुकतेच आला असाल आणि ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. गावातल्या आशाताईंकडे बोटातून थेंबभर रक्त घेऊन करायची झटपट चाचणी असते. गोळ्यांचा पूर्ण कोर्स घ्या. ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नका. बेशुद्धी किंवा बरळणे, झटके, धाप, कावीळ, गडद काळसर लघवी, उठून बसता न येण्याइतका अशक्तपणा, बाळाने दूध ओढायचे थांबणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

आणि एक सावधगिरी. आर्जिनिनच्या पावडरी आणि नायट्रिक ऑक्साइड वाढवणारी पेये आज बाजारात उघड विकली जातात. त्यांच्या डब्यांवर नोबेलचा उल्लेखही आढळतो. नोबेल मिळाले ते हा रेणू शरीरात काय करतो हे शोधल्याबद्दल. आजारी माणसाला तो वरून दिल्याने गुण येतो की नाही, हे माणसांवर वेगळे तपासून पाहावे लागते. आणि उग्र मलेरियात तपासले तेव्हा तो गुण दिसला नाही. एखादी गोष्ट आजारात घटलेली आढळली म्हणून ती भरून काढल्याने आजार बरा होतोच असे नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ फसगत टळेल.

मेंदूच्या मलेरियाचे कोडे पूर्ण सुटलेले नाही. सुजलेल्या मेंदूवर उपाय शोधण्याचे काम सुरू आहे. तोही उपाय एखाद्या देखण्या तर्कातून निघेल आणि पुन्हा मुलांच्या खाटेजवळ त्याची परीक्षा होईल. तोवर आपल्या हातात लवकर केलेली रक्ताची तपासणी आहे, खात्रीचे औषध आहे आणि डास चावू नये म्हणून रात्री लावायची मच्छरदाणी आहे. तेवढे आपण करू या.